सह्या देणारी माणसं

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यात, पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर आमचं गाव आहे. त्या गावातल्या काही माणसांचं माझ्यावर ऋण आहे. ते बोलून दाखवायला गेले की ही माणसं विषय बदलतात; पाऊस, हळदीचा भाव, पोरांच्या नोकऱ्या यांवर येतात. त्यांतलं एक माणूस आता हयात नाही. बाकीची आहेत तोवर हे लिहून व्हावं, एवढ्यासाठी हा लेख.

मी कॅनडाची नागरिक आहे, विनिपेगला राहते. माझी जोडीदार फिलिपिन्सची. आम्ही दोघी बायका. भारतात आमचं लग्न होऊ शकत नव्हतं, आजही होत नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ मधून आमच्यासारख्यांची सुटका केली, पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात लग्नाचा हक्क काही दिला नाही. फिलिपिन्सचा कायदाही असं लग्न मानत नाही. कॅनडात ते २००५ पासून रीतसर होतं. मात्र त्यासाठी तिनं आधी कॅनडात पोचायला हवं होतं, आणि नेमकी तीच वाट बंद झाली होती.

तिथल्या इमिग्रेशन कायद्यात लग्नाशिवाय आणखी एक नातं मान्य आहे: कॉमन-लॉ पार्टनर. दोन माणसं किमान बारा महिने सलग एका घरात जोडप्यासारखी राहिली असतील, तर त्यांतलं कॅनेडियन माणूस दुसऱ्याला स्पॉन्सर करू शकतं. हे बारा महिने जगात कुठेही काढलेले चालतात. आमचे निघाले आईच्या घरात, पत्र्याच्या छपराखाली, हळदीच्या शेतात.

ते ठरवून झालं नव्हतं. २०२० च्या जानेवारीत माझे वडील गेले. मी धावत आले. विनिपेगला एका वृद्धाश्रमात काम करणाऱ्या माझ्या जोडीदाराचा वर्क परमिट तेव्हा नुकताच संपला होता. ती मनिलाला परतली आणि तिथून पर्यटक व्हिसावर फेब्रुवारीत आमच्या गावी आली. थोडे दिवस आईजवळ राहू, मग पुढचं बघू, असा विचार होता. १८ मार्चला कॅनडानं परदेशी लोकांना सीमा बंद केली. नागरिक आणि त्यांचे जवळचे कुटुंबीय यांना सवलत होती, कॉमन-लॉ जोडीदारालाही होती. पण विनिपेगला आम्ही एका घरात राहिलो होतो ते जेमतेम काही महिने, त्यामुळे कायद्याच्या हिशोबात ती माझी कुणीच नव्हती. मला विमान होतं, तिला नव्हतं. आठवड्याभरात इथे टाळेबंदी लागली. मी राहिले.

परदेशी पाहुण्यांच्या व्हिसाची मुदत भारत सरकार वेळोवेळी वाढवत गेलं, त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही. हिंगोलीत एप्रिलमध्ये राज्य राखीव दलाचे जवान मालेगाव-मुंबईच्या बंदोबस्तावरून परतले आणि त्यांच्यातले बरेच बाधित निघाले, तेव्हा सगळ्या जिल्ह्यात भीती पसरली. बाहेरून आलेल्या प्रत्येकाकडे गाव संशयानं बघत होतं. त्यात ही तर परदेशातली.

शेतात हळद निघायची होती. काढणी अर्धी झाली होती आणि मजूर यायला तयार नव्हते. बटईदार, त्याची बायको, आई, मी आणि ती, एवढ्यांनी ती हळद काढली. कंद मोडले, कुकरवर शिजवले, अंगणात पसरून वाळवले, पॉलिशच्या ढोलापर्यंत नेले. हळद शिजवताना जो उग्र वास सुटतो त्यानं नवख्या माणसाचं डोकं उठतं. ती तोंडाला रुमाल बांधून भल्या पहाटेपासून उभी असायची. तिच्या स्वतःच्या गावी भातशेती होती, चिखलाची, कष्टाची तिला सवय होती. आईला ती पटली ती या कामात. भाषा नव्हतीच दोघींना. आई मराठीत सांगायची, ती तिच्या बोलीत उत्तर द्यायची आणि काम व्हायचं.

माझे चुलते मात्र जूनमध्ये घरी आले. लोक बोलायलेत, म्हणाले. पोरीचं लग्नाचं वय निघून चाललंय, आणि ही कोण घरात घेऊन बसलीस? तिला धाडून दे. आई चुलीपुढे होती. ती मागे वळली नाही. म्हणाली, "भाऊजी, चहा घ्या. तिच्याबद्दल मात्र बोलायचं नाही. ती माह्या लेकीची हाय आन् माह्या घरची हाय." चुलत्यांनी चहा घेतला नाही. पुढे बरेच दिवस ते आले नाहीत.

मी आईला त्याआधी काहीच सांगितलं नव्हतं. सांगायचं कसं याची जुळवाजुळव करत होते. तिनं ते माझ्या आधी उच्चारलं, तेही दिरासमोर, जिथे उच्चारणं सगळ्यात अवघड होतं. माझी आई सातवी शिकलेली, वसमतच्या बाजारापलीकडचं जग फारसं न पाहिलेली. तिच्याकडे या गोष्टीसाठी कुठला विचार, कुठलं पुस्तक नव्हतं. तिनं दोन माणसं एका घरात राहताना पाहिली आणि पाहिलं ते मान्य केलं.

बारा महिने पूर्ण झाले, त्यावरही बरेच दिवस गेले, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात आम्ही अर्जाला लागलो. तेव्हा कळलं की दोघींनी एकत्र राहणं पुरत नाही, एकत्र राहताना पाहिलं असं लिहून देणारी तिसरी माणसं लागतात. अर्जासोबत 'कॉमन-लॉ युनियन'चं शपथपत्र असतं. त्यात विचारतात: घराचा भाडेकरार दोघींच्या नावे आहे का? बँकेत संयुक्त खातं आहे का? विम्यात एकमेकींचं नाव लावलंय का? दुसऱ्या एका लांबलचक फॉर्ममध्ये नात्याची सगळी हकिगत लिहायची: भेट कुठे झाली, घरच्यांना ठाऊक आहे का, कोण कोण भेटलंय. हे प्रश्न शहरी माणसाच्या आयुष्यावर बेतलेले आहेत. खेड्यातल्या घराला भाडेकरार कुठला? ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर घर अजून आजोबांच्या नावे, विजेचं बिल वडिलांच्या नावे. पर्यटक व्हिसावरच्या बाईसोबत संयुक्त खातं उघडायला कुठली बँक तयार होणार? विनिपेगहून एका सल्लागारानं फोनवर सांगितलं, "कागद नसतील तर अर्ज करू नका, नाकारला जाईल." फी भरून, वर्षभर वाट पाहून नाकारला गेलेला अर्ज म्हणजे काय, हे ज्यांनी सोसलंय त्यांनाच कळेल.

आमचं संयुक्त खातं निघालं ते गावातल्या किराणा दुकानात.

त्या दुकानदारांना मी लहानपणापासून शेठजी म्हणते. त्यांच्याकडे बिल देण्याची पद्धत नाही, उधारीची लाल वही असते. वडील गेल्यावर त्यांनी आमचं जुनं खातं बंद करून नवं उघडलं होतं. सामान आणायला कधी मी जायची, कधी ती. तिला तिखट, मीठ, तांदूळ, साबण एवढे शब्द येत होते, बाकीचं ती बोट दाखवून घ्यायची. शेठजींनी खात्यावर माझं नाव घातलं होतं आणि खाली तिचं, देवनागरीत, त्यांना ऐकू आलं तसं. मी नुसती चौकशी करायला गेले होते की एखादी पावती मिळेल का. त्यांनी माळ्यावरून जुन्या दोन वह्या काढायला लावल्या. २०२० च्या एप्रिलपासूनचं पान न् पान होतं. कुणी काय नेलं, कुणी पैसे भरले, कुणाच्या हातून सुटे राहिले. दिवाळीला वही बदलली तरी खातं दोघींचंच पुढे ओढलं होतं.

त्यांनी सगळ्या पानांच्या झेरॉक्स वसमतहून करून आणवल्या, प्रत्येकीवर दुकानाचा शिक्का मारला आणि एका कोऱ्या कागदावर लिहून दिलं की या दोघी अमुक तारखेपासून एकाच घरात राहतात, यांचा घरखर्च एक आहे, मी यांना रोज पाहतो. झेरॉक्सचे पैसे घ्या म्हटलं तर घेतले नाहीत. कागद कशाला हवा हे त्यांनी विचारलं होतं आणि मी खरं ते सांगितलं होतं. त्यावर ते इतकंच म्हणाले, "खातं खरं हाय. खऱ्या खात्याचा कागद द्यायला काय?" गावात ज्यांचं दुकान चार माणसांच्या मर्जीवर चालतं, त्या माणसानं शिक्क्यानिशी हे लिहून दिलं. त्यात त्यांनी काय पणाला लावलं याची मला पूर्ण कल्पना आहे.

दुसरा कागद पोलिसांकडून आला. परदेशी माणूस घरी उतरला की घरमालकानं तेव्हा चोवीस तासांत 'सी फॉर्म' भरून कळवावं लागायचं. हॉटेलवाल्यांना हे पाठ असायचं. मला विनिपेगला असतानाच ठाऊक झालं होतं म्हणून ती आली त्याच दिवशी आईच्या नावानं तो भरला. जिल्ह्याच्या ठिकाणी परदेशी नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालयात होते, त्यामुळे बीट जमादार अधूनमधून घरी यायचे. पहिल्यांदा आले तेव्हा सगळी गल्ली जमली. त्यांनी पासपोर्ट पाहिला, नोंद घेतली आणि जमलेल्यांना सांगितलं, "पाहुण्यांचे कागद पक्के आहेत. गर्दी करू नका, रोगाचे दिवस आहेत." एवढ्या एका वाक्यानं त्या दिवसांत आमचं किती रक्षण झालं!

पुढे तिला कॅनडासाठी पोलीस दाखला लागला, कारण ज्या देशात सहा महिने किंवा अधिक राहणं झालं त्या देशाचा दाखला मागतात. चौकशीला तेच जमादार आले. त्यांनी पंचनाम्यासारखं स्वच्छ लिहिलं: कोणाच्या घरी, कोणासोबत, केव्हापासून. 'सोबत' या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं, आईचं नाही. मी काही सुचवलं नव्हतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हटलं, आणि ते पुढच्या रकान्याकडे वळले. सरकारी कागदावर आम्हा दोघींची नावं एका ओळीत आली ती तेव्हा पहिल्यांदा.

बाकी कागद जमत गेले. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला मिळाला. ऑगस्टमध्ये परदेशी लोकांनाही पासपोर्टवर कोविनमध्ये नोंदणीची परवानगी आली, तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्रात दोघींनी एकाच दिवशी लस घेतली, तीही प्रमाणपत्रं जोडली. शपथपत्रासाठी पहिल्या नोटरींनी मजकूर वाचून कागद परत केला. दुसऱ्यांनी वाचलं, दोघींची ओळखपत्रं तपासली आणि शिक्का मारला.

आता गुरुजींबद्दल. ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, मला पाचवीपासून इंग्रजी शिकवलेलं. आईनं पत्र लिहायचं असं ठरलं तेव्हा प्रश्न आला भाषांतराचा. मराठी कागदाचं इंग्रजी भाषांतर घरच्या माणसानं केलेलं चालत नाही. बाहेरच्या माणसानं करून, ते अचूक असल्याचं शपथपत्र द्यावं लागतं. मी गुरुजींकडे गेले. त्यांचं वय पंच्याहत्तरीच्या पुढे. गावात त्यांचा मान मोठा, भजनी मंडळाचे ते प्रमुख, दरवर्षी नर्सी नामदेवला जाणारे. त्यांना मी सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आईनं लिहिलं की घेऊन ये. मी तिच्यासमोर वाचीन."

त्याच आठवड्यात, २५ ऑगस्टला, कासेगावला गेल ऑम्वेट वारल्या. गुरुजी वर्तमानपत्र घेऊन आमच्या अंगणात आले आणि आईला ती बातमी वाचून दाखवली: अमेरिकेतल्या मिनियापोलिसची मुलगी, महात्मा फुल्यांच्या चळवळीवर संशोधन करायला आली, १९७६ मध्ये भारत पाटणकरांशी लग्न केलं, १९८३ मध्ये भारताची नागरिक झाली आणि सांगली जिल्ह्यातल्या एका गावात मरेपर्यंत राहिली. आईनं विचारलं, "सासू कशी होती?" गुरुजींनी इंदुताई पाटणकरांबद्दल सांगितलं. सातारच्या प्रतिसरकारात काम केलेल्या, नवऱ्याचा खून झाल्यावर मुलाला एकटीनं वाढवलेल्या, आणि पुढे परित्यक्ता बायकांच्या लढ्यात सुनेच्या बरोबरीनं उतरलेल्या. आई लक्ष देऊन ऐकत होती.

सप्टेंबरात महालक्ष्म्या बसल्या. आदल्या वर्षी वडिलांच्या दुखवट्यामुळे सण नव्हता. आमच्याकडे उभ्या महालक्ष्म्या असतात आणि मुखवटे दारातून आत आणायचा मान घरच्या सुनेचा. आई विधवा झाल्यावर ते कुणी करायचं हा प्रश्न होता. चुलतीला बोलावता आलं असतं. आईनं एक मुखवटा माझ्या हातात दिला आणि दुसरा माझ्या जोडीदाराच्या. कुंकवाच्या पावलांवरून आम्ही दोघी आत आलो. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी एकदा आईकडे पाहिलं आणि मग रीतीप्रमाणे विचारलं, लक्ष्मी कशाच्या पावलानं आली? माझी जोडीदार पक्की कॅथलिक, गळ्यात क्रूस, पण त्या क्षणी तिचा चेहरा मी कधीही विसरणार नाही. काकूंच्या मुलानं फोनवर काढलेला तो फोटो अर्जाला लावला.

सणाच्या नंतर आईनं पत्र लिहिलं. वहीचं पान, मोठं अक्षर, दोन्ही बाजूंनी भरलेलं. त्यात तिनं कुठली विनवणी केली नव्हती. नवरा गेल्यावर ही पोरगी माझ्याकडे आली, हळदीत राबली, मला ताप आला तेव्हा रात्रभर बसली. माझी लेक आणि ती एका खोलीत राहतात, एका ताटात जेवतात, भांडतात आणि बोलतात. मी यांना जोडपं म्हणून घरात ठेवलंय. महालक्ष्मीचा मान तिला दिलाय. माझ्यामागे हे घर दोघींचं आहे. शेवटी नाव, गाव, तालुका, जिल्हा, सही.

गुरुजींनी आईला समोर बसवून एकेक वाक्य वाचलं आणि प्रत्येक वाक्यानंतर विचारलं, "हे खरं आहे?" आई दर वेळी म्हणाली, "खरं हाय." मी मधे बोलू लागले तर त्यांनी हातानं थांबवलं. शपथेवर सांगायचं आहे, म्हणून विचारतो, म्हणाले. जोडप्याच्या वाक्याशी त्यांचा आवाज जरा अडखळला, पण तेही त्यांनी पूर्ण वाचलं आणि विचारलं. दोन दिवसांनी सुबक इंग्रजीत, त्यांच्या त्या शाळेतल्या फळ्यावरच्या अक्षरात, भाषांतर तयार होतं. वसमतला नोटरीसमोर जाऊन त्यांनी शपथपत्र केलं. परत येताना गाडीत ते मला म्हणाले, "मला हे समजलं असं मी म्हणणार नाही. पण तुझी आई खोटं बोलत नाही." गुरुजी २०२३ मध्ये गेले. त्यांना जे पुरतं समजलं नव्हतं त्यासाठी त्यांनी नाव दिलं, आणि ही गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. समजल्यावर पाठीशी उभी राहणारी माणसं मला पुढेही भेटली.

एक कागद विनिपेगहून आला. ती मनिलाला परतण्याआधी आम्ही काही महिने ज्या तळघरात भाड्यानं राहत होतो त्या घराचे मालक पंजाबी, आम्ही त्यांना बाबाजी म्हणायचो. मी हिंगोलीची असं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्यांना काही बोध झाला नाही. हजूर साहिब नांदेडच्या शेजारचा जिल्हा म्हटल्यावर ते उठून उभे राहिले. भगत नामदेवांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यात म्हटल्यावर तर त्यांनी बायकोला हाक मारली. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत आणि ती त्या घरात रोज म्हटली जात होती. मी अनामत रक्कम द्यायला काढली तर बाबाजींनी ती घेतली नाही. सातशे वर्षांपूर्वी पंजाबात गेलेल्या माझ्या जिल्ह्यातल्या संताच्या पुण्याईवर मला विनिपेगमध्ये घर मिळालं, असंच मी मानते.

बाबाजींनी आमच्याबद्दल पत्र लिहून दिलं आणि फोनवर एक जुनी गोष्ट सांगितली. १९०८ मध्ये कॅनडानं नियम केला की जन्मदेशातून मधे न थांबता थेट प्रवास करून येईल त्यालाच प्रवेश. भारतातून तसं थेट जहाजच नव्हतं, म्हणजे हिंदी लोकांना बंदीच. आधी गेलेल्या पुरुषांना आपल्या बायकाही आणता येईनात. १९१२ च्या सुरुवातीला व्हँकुव्हरच्या गुरुद्वाऱ्यातले भाई भागसिंग आणि भाई बलवंतसिंग आपापल्या बायकामुलांना घेऊन बंदरावर उतरले. पुरुषांना आत घेतलं आणि बायकांना परत पाठवण्याचा हुकूम निघाला. त्यांनी तो हुकूम मानला नाही, झगडा केला. अखेर सरकारनं 'खास मेहेरबानी' म्हणून त्या दोन कुटुंबांना राहू दिलं आणि बाकीच्यांना तो दाखला चालणार नाही असंही बजावलं. बायकामुलांना आणायची सर्वसाधारण परवानगी मिळायला १९१९ उजाडलं. बाबाजी म्हणाले, आमच्या लोकांनी बायकांसाठी हे सोसलं, मग तुमच्यासाठी एक सही काय मोठी?

त्यानंतर मी आणखी शोधलं तेव्हा क्रिस्टीन मॉरिसी आणि ब्रिजेट कॉल यांची हकिगत सापडली. दोघी पूर्वी नन होत्या. क्रिस्टीन कॅनडाची, ब्रिजेट आयर्लंडची. ब्रिजेटला स्पॉन्सर करायला इमिग्रेशन खात्यानं नकार दिला म्हणून १९९२ मध्ये क्रिस्टीन न्यायालयात गेली. निकाल लागण्याआधीच सरकारनं ब्रिजेटला तिच्या स्वतःच्या पात्रतेवर कायम वास्तव्य देऊन टाकलं, म्हणजे इतरांना आधाराला निकालच राहू नये. त्या दोघींचं काम झालं होतं. त्या घरी बसू शकल्या असत्या. पण त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी संघटना बांधून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि २८ जून २००२ ला लागू झालेल्या नव्या कायद्यात कॉमन-लॉ पार्टनर हा वर्ग आला, त्यात आमच्यासारखी जोडपी आली. मी ज्या रकान्यात खूण केली तो रकाना या माणसांनी मिळवलेला आहे. आईनं आणि शेठजींनी त्यांची नावं कधी ऐकली नसतील, पण माझ्या फायलीत त्यांची कामं एकत्र आली.

सप्टेंबर संपताना नांदेडहून अर्ज कुरिअरनं पाठवला. फी तेव्हा हमीदाराची ७५ डॉलर, प्रक्रियेची ४७५, कायम वास्तव्याच्या हक्काची ५००, बोटांच्या ठशांची वेगळी. मी एक हमीपत्रही लिहून दिलं: ती कायम रहिवासी झाल्यापासून तीन वर्षं तिच्या अन्नवस्त्रनिवाऱ्याची जबाबदारी माझी, उद्या आमचं पटलं नाही, आम्ही वेगळ्या झालो तरी माझीच. त्यावर सही करताना मला क्षणभरही जड गेलं नाही. आईनं तर कुठल्याही मुदतीशिवाय तेच केलं होतं.

ती मनिलाला गेली, मी विनिपेगला. वर्षभरात निर्णय आला आणि २०२२ च्या ऑक्टोबरात ती विनिपेगला उतरली. मुलाखतीला कुणी बोलावलं नाही. फाईल पाहणाऱ्या अधिकाऱ्यानं किराण्याची वही, जमादारांचा अहवाल, आईचं पत्र हे सगळं वाचून विश्वास ठेवला असणार. पुढच्या वर्षी आम्ही रीतसर लग्न केलं. बाबाजी साक्षीदार होते. चुलते आता आईकडे येतात. माझ्या जोडीदाराच्या तब्येतीची चौकशी ते आईकडे करतात, माझ्याकडे नाही, पण करतात. शेठजींच्या दुकानात आमचं खातं अजून चालू आहे. गेल्या खेपेला गेलो तेव्हा त्यांनी तिला साखर मोजून दिली आणि खात्यावर मांडली.

हमीची तीन वर्षं २०२५ च्या ऑक्टोबरात संपली. माझ्यावरची कायदेशीर जबाबदारी सुटली. गावातल्या माणसांचं माझ्यावर जे आहे त्याला तशी तारीख नाही, आणि असावी असं मला वाटतही नाही.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या घरातलं, गल्लीतलं कुणी जोडपं, कुठल्याही प्रकारचं, तुमच्याकडे असा कागद मागायला येईल. तेव्हा त्यांचं नातं तुम्हाला पटण्याची वाट पाहत बसू नका. तुम्ही जे डोळ्यांनी पाहिलंय तेवढंच लिहा: कधीपासून ओळखता, कोणत्या पत्त्यावर राहतात, तुम्ही त्यांना एकत्र कुठे आणि कशा प्रसंगी पाहिलं. तारखा घाला, ओळखपत्राची प्रत जोडा, पूर्ण नावानं सही करा. आणि कागद वेळेवर द्या, अर्जाला मुदत असते.